दोन बैल, एक कीबोर्ड

आमच्या घराचा पुढचा हॉल घराचा नव्हताच, तो क्लासचा होता. परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांची, अण्णांची, टायपिंग इन्स्टिट्यूट होती: पुढं हॉल, मागं दोन खोल्या, त्यांच्या मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. हॉलमध्ये दोन ओळींत टाइपरायटर मांडलेले, एक ओळ मराठीची, एक इंग्रजीची. त्यांना सगळे ‘मशीन’ म्हणायचे. सकाळची पहिली बॅच बसली की भिंतीमागं आमचं जे काही चालू असेल ते त्या टपटपीवर चालायचं. चहा त्यात उकळायचा, वेण्या त्यात घातल्या जायच्या. ओळ संपली की घंटी, मग कॅरेज ढकलल्याचा खर्र आवाज, आणि पुन्हा टपटप. कोण बसलंय हे मला न बघता कळायचं. तलाठ्याच्या जागेसाठी तयारी करणारा एक दादा प्रत्येक शब्दानंतर दम खायचा. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारातल्या, एका अडत्याची सून इतकी हळू मारायची की तिच्या मशीनवर पाल चालल्यासारखं वाटायचं. वीज गेली की गावातल्या सगळ्या दुकानांचे पंखे बंद पडायचे, आमचा आवाज मात्र तसाच राहायचा. अण्णांना त्याचा अभिमान होता.

अण्णा हातात लाकडी पट्टी घेऊन ओळींमधून फिरायचे. पट्टी कुणाला लागत नसे, ती फक्त बोटांकडं रोखली जायची. एखादं पोरगं बटणावर बोट टेकवून पुढचं अक्षर शोधत बसलं की अण्णा त्याच्या मागं येऊन उभे राहायचे आणि शांतपणे सांगायचे, “बटण दाबायचं न्हाई. मारायचं आणि सोडायचं. बोट तिथं मुक्कामाला आलं न्हाई पाहिजे.” मशीनवर बटण दाबून धरलं तर दांड्या एकमेकींत अडकतात, आणि सोडवताना अण्णांची अर्धी बॅच जाते, हे त्यामागचं साधं कारण. पण ते वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की दाराची बेलसुद्धा आम्ही मारायचो आणि सोडायचो. मी लिहायला शिकायच्या आधी टाइप करायला शिकले, असं आई पाहुण्यांना सांगायची. ते पूर्ण खरं नाही, पण फार खोटंही नाही.

दुसरी सवय मला आईकडून आली, याद्यांची. आई स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं लिहून ठेवायची: काय संपलं, काय भिजत घातलंय, कुणाला काय द्यायचंय. तिची काम करायची पद्धत अशी की आधी सगळं मांडायचं, मग एकेक पुसायचं. मीही तसंच करते. आजही माझ्या टेबलावर सकाळी कागद असतो आणि संध्याकाळी त्यावर रेघा मारलेल्या असतात. घरातली मंडळी हसतात, पण प्रवासात कुणाचं चार्जर राहिलं की मलाच विचारतात. हे सांगायचं कारण एवढंच की पुढं जे झालं ते अव्यवस्थितपणामुळं झालं असं कुणाला वाटू नये. सगळं व्यवस्थित लिहून, ठरवून झालं होतं.

मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरला गेले त्या सुमाराला अण्णांनी हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आणून ठेवला. त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि उदबत्ती ओवाळली होती. सकाळ-संध्याकाळ तो बॅचच्या मुलांचा, दुपारी चारनंतर थोडा वेळ माझा. आणि पायलचा. पायल म्हणजे समोरच्या कापड दुकानातली, माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्या आजोबांचे वडील राजस्थानातून परतूरला आले होते. ती घरात मारवाडी बोलायची, माझ्याशी आमचीच मराठी. कॉलेजलाही आम्ही एकाच वर्गात होतो, सकाळच्या गाडीनं बरोबर जायचो, दुपारी बरोबर यायचो. आमच्याकडं ती आली की आई कांदा-लसूण न घातलेली येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी वेगळ्या पातेलीत काढायची. पायल ती वाटीनं प्यायची आणि म्हणायची, “काकू, आमच्याकडं येसर कुणाला करता येत न्हाई, ही बात घरी सांगू नका.”

दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही खेळ बनवायला घेतला. कापसाच्या हंगामात मोंढ्याबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, ती आम्ही स्टेशनवरून येताना रोज बघायचो. पायल तिथं थांबून राहायची. मी पुढं निघून जायचे आणि मग तिच्यासाठी परत यायचे. एकदा ती म्हणाली की जोडीतले दोन बैल कधीच एका वेळी पाय टाकत नाहीत, बघ. त्यातून खेळ निघाला. शेतातून कापूस भरलेली गाडी मोंढ्यापर्यंत न्यायची. डावा बैल एका खेळणाऱ्याचा, उजवा दुसऱ्याचा. कीबोर्ड एकच, डावीकडचं एक बटण तिचं, उजवीकडचं एक माझं. दोघांनी सारखं ओढलं तर गाडी सरळ, एक मागं पडला तर गाडी त्याच्या बाजूला वळते आणि रस्त्याकडेच्या चारीत जाते. वाटेत खड्डे, वळणं, एक म्हैस, आणि रेल्वेचं फाटक. प्रोग्राम मी लिहायचा, चित्रं पायलनं काढायची. बैलांची नावं तिनं ठेवली. डाव्याचं ‘पप्पा’ आणि उजव्याचं ‘काका’. तिचे वडील आणि चुलते मिळून दुकान चालवायचे, आणि त्या वर्षात त्यांचं घरात एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. ती नावं तिच्या घरी कळली असती तर खेळ तिथंच संपला असता.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, दोघी किती छान मिळून काम करतात. खरी गोष्ट अशी की एकत्र बसलो की काम पुढं सरकत नसे. पायलला दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जावं लागायचं, त्यांच्याकडं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणजे आमच्या वाट्याला हिवाळ्यात जेमतेम तासभर यायचा. त्या तासात ती बैलाचा कान सारखा करायची. एक ठिपका इकडं, एक तिकडं. मी शेजारी बसून यादी धरून असायचे: आज वळण व्हायला पाहिजे, उद्या फाटक. ती म्हणायची, “अगं, कान असा असला तर बैल आजारी वाटतो.” मी म्हणायचे, “बैलाला डॉक्टरकडं नंतर नेऊ, आधी चालू तर दे.” ती हसायची आणि कानच करत बसायची. मग ती घरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचआधी उठून मी एकटी बसायचे आणि सगळं भराभर व्हायचं. कुणाला समजावून सांगायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. मला त्या सकाळी फार आवडायच्या. तेव्हाच मनात यायला लागलं होतं की हे काम एकटीचंच आहे.

आता माझ्या हाताखाली मुलं-मुली काम करतात, आणि दर वर्षी कुणी ना कुणी येऊन विचारतं, मॅडम, हा भाग मी एकटा करू का सगळ्यांनी मिळून? एकट्यानं लवकर होतं, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. मिळून केलेलं जास्त चांगलं होतं असंही मी म्हणत नाही, कारण तसं नेहमी होत नाही. मी फक्त विचारते, हे वापरणार किती जण?

तिसऱ्या वर्षी हाच खेळ आम्हाला परीक्षेचा प्रोजेक्ट म्हणून द्यायचा होता, आणि नावं द्यायची वेळ आली. प्रोजेक्ट एकट्यानं करायचा की दोघांनी, हे आधी कळवायचं होतं आणि नंतर बदल नव्हता. आमचे मुळे सर स्वभावानं कोरडे पण मुलांचं भलं बघणारे. त्यांनी मला स्टाफरूमच्या बाहेर बोलावून सांगितलं की तपासायला औरंगाबादच्या एका कंपनीतले गृहस्थ येणार आहेत, आणि काम आवडलं तर तिथल्या तिथं शिकाऊ म्हणून घेणार आहेत. जोडी बराबरीची दिसली तर दोघांनाही घेतील. पण एक जण ओढतोय आणि दुसरा नुसता जुंपलाय असं दिसलं तर एकालाच घेतील, नाहीतर कुणालाच नाही. “तू एकटीचं नाव दे,” ते म्हणाले. “तुझं पक्कं आहे. दुसऱ्याच्या भरवशावर कशाला राहते?”

मी घरी येऊन विचारलं. अण्णांनी पट्टी पुसता पुसता सांगितलं की परीक्षेला मशीनवर एकच माणूस बसतो, दोघांना बसलेलं त्यांनी अजून बघितलेलं नाही. आईकडून मला वेगळ्या उत्तराची आशा होती. ती भाकरी थापत होती. मोठ्या काकूबरोबर एका चुलीवर तिनं बरीच वर्षं काढली होती, आणि त्या दिवसांबद्दल ती सहसा बोलत नसे. “दोघी असल्या की आमटीत एक तर दोनदा मीठ पडतं, न्हाईतर कुणीच टाकत न्हाई,” ती म्हणाली. “आणि जेवणारा विचारतो, केली कुणी? तर तू एकटी कर.” म्हणजे तिन्ही माणसं, आणि माझ्या सकाळीही, एकाच बाजूला होत्या.

दुसऱ्या बाजूला फक्त पायलचं घर होतं. दुकानाची वाटणी ठरली होती. परतूरचं दुकान चुलत्यांकडं राहणार आणि पायलचे वडील, त्यांना आम्ही सोहनकाका म्हणायचो, जुन्या जालन्यात नवं दुकान टाकणार. परीक्षा झाली की बिऱ्हाड हलणार होतं. पायलच्या पुढच्या शिक्षणाचं, नोकरीचं काय, हे तिनं विचारलं तेव्हा सोहनकाका एवढंच म्हणाले होते की कुणी बोलावलं तर जा, मी आडवा येणार न्हाई, पण कुणी बोलावलंच न्हाई तर आपल्याबरोबर जालन्याला, आणि मंग पुढचं घरातले बघतील. ‘पुढचं’ म्हणजे काय ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. या प्रोजेक्टवर तिचं नाव नसलं तर तिला बोलावणारं कुणीच नव्हतं. हे तिनं मला गाडीत खिडकीबाहेर बघत सांगितलं होतं, काही मागितलं मात्र नव्हतं.

मी दोघींची नावं दिली. मैत्रीसाठी दिली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी ठरवलं ते असं: चित्रं काढून टाकली तर पडद्यावर दोन चौकोन एका मोठ्या चौकोनाला ओढताना दिसायचे. तो खेळ कुणी खेळलं नसतं. बैल तिचे होते. मुळे सरांनी एकदा वर बघितलं आणि दोन्ही नावं लिहून घेतली.

परीक्षेच्या आधी मी खेळ तपासायला घेतला आणि तो नीट तपासला. रोज सकाळी दोन्ही हातांनी, डाव्या हातानं पायलचा बैल, उजव्या हातानं माझा. टप टप, टप टप. गाडी शेतातून निघायची, म्हशीला वळसा घालायची, फाटक ओलांडायची आणि मोंढ्याला लागायची. एकदाही चारीत गेली नाही. पायलबरोबरही दोन-तीनदा खेळून बघितलं. एकदा तिनं बटणावर बोट दाबून धरलं, तर मागून अण्णांचा आवाज आला, “पायल, मारायचं आणि सोडायचं.” ती सवयीनं “हो अण्णा” म्हणाली आणि आमच्या घरातल्या सगळ्यांसारखी बटण मारायला लागली. खेळ छान चालला. मी यादीतल्या ‘दोघींनी खेळून बघणे’ यावर रेघ मारली.

परीक्षेच्या दिवशी आईनं डब्यात धपाटे दिले होते, पायलचे लसूण न घातलेले, वेगळ्या कागदात. कॉलेजच्या लॅबमध्ये पडदे लावलेले, पंखा मोठ्यानं फिरत होता. परीक्षक तरुणच होते, निळा शर्ट, सारखं घड्याळ बघण्याची सवय. मुळे सर त्यांच्या शेजारी. आधी त्यांनी मला प्रोग्रामबद्दल विचारलं, मी सगळं सांगितलं. पायलला चित्रांबद्दल विचारलं, तिनं बैलांच्या पायांचं सांगितलं, ते त्यांना आवडलेलं दिसलं. मग ते म्हणाले, चला, दोघी खेळून दाखवा.

पायलनं डावीकडच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. इथं मागं अण्णा नव्हते. मी नेहमीसारखी टपटप सुरू केली. गाडी निघाली न निघाली तोच तिचा बैल थांबला. माझा पुढं गेला, गाडी डावीकडं वळून चारीत पडली. परीक्षक हसले, पुन्हा करा म्हणाले. पुन्हा तेच. तिचा बैल एक पाऊल टाकायचा, थांबायचा, एक पाऊल टाकायचा, थांबायचा. मी तिच्याकडं बघून दबक्या आवाजात म्हटलं, नीट दाब ना. ती माझ्या बोटांकडं बघत होती, पडद्याकडं नाही. तिसऱ्यांदा गाडी म्हशीवर गेली.

परीक्षक म्हणाले, “तुमची मैत्रीण घाबरलेली दिसते. तुम्हीच दाखवा बरं.”

पायलनं खुर्ची मागं घेतली. मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि खेळले. मोंढ्याच्या दारापर्यंत गाडी एका रेषेत गेली. माझी सगळी सकाळची तालीम त्या दोन मिनिटांत दिसली. परीक्षक खूश झाले. मग त्यांनी पायलकडं वळून अगदी सहज, काही मनात न ठेवता विचारलं, “एकट्यानं जर इतकं छान चालतंय, तर यात तुमचं काम काय?”

“चित्रं माझी आहेत, सर,” पायल म्हणाली.

“चित्रं चांगली आहेत,” ते म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

परतीची गाडी यायला वेळ होता. जालना स्टेशनच्या बाकावर आम्ही डबा उघडला. मला तिचा राग आला होता. इतके महिने, आणि एक बटण धड दाबता आलं नाही. शेवटी मी विचारलंच, तू घाबरलीस का?

“न्हाई.”

“मंग बैल का थांबवला?”

“मी न्हाई थांबवला. तू थांबवलास.” तिनं डब्याचं झाकण मांडीवर उपडं ठेवलं आणि त्यावर एक बोट टेकवलं. “हे माझं. मी दाबून धरलं, माझा चालून राह्यला. आता तू तुझं मार.” मी झाकणावर बोट मारलं. “झालं, माझा थांबला. माझं बोट अजून इथंच आहे, पण त्याला आता ते दिसत न्हाई. जो नंतर मारतो त्याचंच ऐकतो तो. मी उचलून परत दाबलं की चालतो, तू मारलंस की परत थांबतो. तुझ्या घरी कुणी दाबून धरतच न्हाई, मंग कळणार कसं?”

तिचं बिलकुल खरं होतं. कॉम्प्युटर शेवटच्या बटणाचाच पुकारा करत राहतो, आधी दाबून धरलेलं बटण त्याच्या लेखी गप्प होतं. प्रोग्राममध्ये तो पुकारा ऐकत बसण्याऐवजी कोणतं बटण खाली आहे आणि कोणतं वर आलं हे लक्षात ठेवायला हवं होतं. चार-पाच ओळींचं काम. दोन माणसांचा खेळ एकाच माणसानं दोन हातांनी तपासला होता, आणि जेव्हा दोन माणसांनी तपासला तेव्हा दोघींची बोटं एकाच घराच्या वळणाची होती. आता मी माझ्याकडच्या मुलांना सांगते की दोघांसाठी असलेली गोष्ट दोन वेगळ्या घरांतल्या माणसांकडून तपासून घ्या. त्यांना वाटतं मी काहीतरी गमतीनं बोलतेय.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“तिथंच. दुसऱ्यांदा पडली तवा.”

“मंग त्यांना सांगितलं का न्हाईस? सांगितलं असतंस तर त्यांना कळलं असतं, तुला किती समजतं ते.”

ती झाकण डब्याला लावायला लागली. “परका माणूस समोर होता ना,” ती म्हणाली.

मला समजलं नाही. मग तिनं सांगितलं की त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एका भावानं दुसऱ्याची चूक काढायची नसते. काकांनी साडीचा भाव चुकीचा सांगितला तरी पप्पा मान हलवतात, गिऱ्हाईक त्याच भावात साडी घेऊन जातं, आणि जे काय बोलायचं ते आत, पडद्यामागं. घरात दोघांचं बोलणं बंद झालं तरी दुकानात हे चालूच आहे. तिनं लहानपणापासून तेच बघितलेलं. आमच्या हॉलमध्ये याच्या बरोबर उलटं होतं. तिथं चूक सगळ्यांसमोर, त्याच क्षणी, लाल पेन्सिलीनं गोल करून दाखवली जायची, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मला जर तिची चूक दिसली असती तर मी परीक्षकांसमोर बोट ठेवून सांगितली असती, आणि मी तिला मदतच करतेय असं मला वाटलं असतं.

“आणि मी बोलले असते तर तुझं गेलं असतं,” ती म्हणाली. “तुझ्या हातानं चालून राह्यलं होतं. एकीचं तरी झालं.”

दुसऱ्या दिवशी मी त्या ओळी बदलल्या आणि दोघी फ्लॉपी घेऊन मुळे सरांकडं गेलो. सरांनी खेळ बघितला, पायलनं चूक कशी पकडली ते ऐकलं. पण गुण पाठवून झाले होते. कंपनीच्या माणसाला त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. पलीकडून काय बोललं गेलं ते ऐकू आलं नाही, पण सर “हो, हो, बरोबर आहे तुमचं” म्हणत होते तेव्हाच आम्हाला समजलं. नोटीस बोर्डावर कंपनीचा कागद लागला तेव्हा त्यावर आमच्या वर्गातलं एकच नाव होतं, माझं.

मी सोहनकाकांकडं गेले. दुकानात अर्धे तागे बांधलेले, अर्धे मोकळे, कोणते कुणाचे यावर खडूच्या खुणा. मी त्यांना सगळं नीट, क्रमानं सांगितलं: बटणाचं काय झालं, ते कुणाला कळलं, पायलशिवाय तो खेळ कसा काहीच नव्हता. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि म्हणाले, “बेटा, कुणाचं चुकलं ते मी विचारतच न्हाई. त्यांनी एकीला बोलावलं. हिला एकटीला तिथं कोण बोलावून राह्यलंय, सांग.” पायल आतल्या दारात उभी होती. पाणी पिऊन मी उठले.

जावं की जाऊ नये याचा मी कागद केला होता. न जाण्याच्या बाजूला एकच गोष्ट होती, आणि तीही पायलनं खोडून टाकली. मी राहिले म्हणून तिला कुणी बोलावणार नव्हतं, असं ती म्हणाली. ते खरंच होतं. व्यवहारानं बघितलं तर मी जाणं हेच बरोबर होतं, आणि मी आजवर त्या निर्णयाकडं दुसऱ्या कशानं बघू शकलेले नाही. तरीही ते बरोबर आहे असं मी मोठ्यानं कधी म्हणत नाही. पायल आता जुन्या जालन्यातच आहे, सासरही तिथलंच. दिवाळीला आमचं बोलणं होतं. हे लिहू का, म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली लिही, पण बैलांची नावं टाकू नको. मी टाकली आहेत. सोहनकाका आता नाहीत, आणि तिला ते वाचून हसू येईल असं मला वाटतं.

त्यांचं बिऱ्हाड हललं त्या दिवशी दुपारी टेम्पो भरला जात होता. कपाटं, गाद्या, एक जुनी तिजोरी जी चढवायला सगळी गल्ली लागली. पायल रस्ता ओलांडून आमच्याकडं आली. हॉल रिकामा होता, अण्णा मदतीला तिकडं गेले होते. ती कॉम्प्युटरसमोर बसली, डावीकडं. मी खेळ लावला. तिनं तिचं बटण दाबून धरलं, मीही माझं दाबून धरलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बटण असं दाबून धरलं असेन. दोन्ही बैल निघाले. पाय एका वेळी टाकत नव्हते आणि तरी गाडी सरळ जात होती. आम्ही वळणावर एकमेकींकडं न बघता जरा जरा सोडत, धरत होतो. म्हैस गेली, फाटक गेलं, मोंढ्याचं दार आलं. आणि गाडी दारातून आत जाऊन पुढं चालू लागली. पुढं काहीच नव्हतं. मी एकटी खेळायचे तेव्हा दारापाशी हात थांबवायचे, म्हणजे गाडीही थांबायची. त्यामुळं खेळ संपवायचं मी लिहिलंच नव्हतं, आणि त्यापुढचं चित्र पायलनं काढलं नव्हतं. पांढऱ्या कोऱ्या पडद्यावर दोन बैल आणि कापसाची गाडी चालत राहिली.

बाहेर टेम्पोवाल्यानं भोंगा दिला. तिच्या आईनं हाक मारली. तिनं बोट उचललं नाही, मीही नाही. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. “काकूंना सांग, आले होते म्हणून,” ती म्हणाली आणि उठली.

तिचा बैल थांबला. माझा एकटाच ओढू लागला आणि गाडी त्या पांढऱ्यात डावीकडं वळून जागच्या जागी गोल फिरू लागली. माझा डावा हात मोकळा होता. दुसरं बटण त्याच्या खालीच होतं, आणि दोन्ही हातांनी गाडी सरळ करायची मला चांगली सवय होती. मी हात मांडीवर ठेवला आणि टेम्पो वळेपर्यंत गाडी तशीच फिरू दिली.